लंबक हरवलेलं मार्ती : एका फ्रेंच घड्याळाचे सुटे भाग कसे ओळखले आणि जुळवले

काळ्या दगडी पेटीतलं फ्रेंच टोल्याचं घड्याळ, मार्ती या कारखान्याचं. पुण्यातल्या एका घरात तीन पिढ्या कपाटावर ठेवलेलं आणि बऱ्याच वर्षांपासून बंद. दुरुस्तीला आलं तेव्हा लंबक नव्हता, मिनिटकाटा नव्हता, सस्पेन्शनची पट्टी (लंबक जिच्यावर लटकतो ती) मधोमध तुटलेली होती, चालीची स्प्रिंग तुटली होती, चावी दुसऱ्याच घड्याळाची होती आणि मशीन पेटीला धरून ठेवणारा एक लांब स्क्रू गायब होता. सोबत घरच्यांनी ऑनलाइन मागवलेला एक लंबक होता. विकणाऱ्याने त्यावर ‘फ्रेंच घड्याळाचा लंबक’ एवढंच लिहिलं होतं.

तो लंबक पितळी, देखणा आणि खरोखर फ्रेंच होता, पण या घड्याळाला तो कधीच चालला नसता. ‘फ्रेंच’, ‘मार्ती’, ‘१९ वं शतक’ एवढ्या माहितीवर या घड्याळांचा एकही भाग विकत घेता येत नाही. भाग ठरतो तो मागच्या प्लेटवरच्या खुणांवरून, चाकांच्या दातांवरून आणि कॅलिपरच्या मापावरून.

आधी ओळख

तबकडीवर पॅरिसमधल्या एका दुकानाचं नाव होतं. घरच्यांनी त्याच नावाने भाग शोधले, म्हणून हाती काही लागलं नाही. तबकडीवरचं नाव बहुतेक वेळा विक्रेत्याचं असतं. मशीन बनायचं दुसरीकडे, मुख्यतः पूर्व फ्रान्समधल्या मोंबेलियार-बोकूरच्या पट्ट्यात आणि उत्तरेला सँ-निकोला-दालिएर्मों इथे. जापी फ्रेर, सामुएल मार्ती, व्हिन्सेंटी, पोंस ही त्यातली मोठी नावं. त्यांचे शिक्के मशीनच्या मागच्या प्लेटवर असतात, समोर कधीच दिसत नाहीत.

मशीन बाहेर काढण्याआधी दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, पेटी. ती बेल्जियममधल्या काळ्या चुनखडीची असते. तिचे तुकडे आतून प्लास्टर आणि तारांनी जोडलेले असतात, त्यामुळे ती आडवी पाडायची नाही आणि पाण्याने धुवायची नाही. दुसरी, स्प्रिंगचा ताण. चालीची स्प्रिंग तुटलेली होती खरी, पण टोल्याची स्प्रिंग अजून पूर्ण भरलेली होती. बंद घड्याळात ताण नसतो असं धरून चालणं धोक्याचं आहे. लेट-डाउन चावी चौकोनावर बसवून, क्लिक, म्हणजे चाक उलटं फिरू न देणारा खटका, हलकेच उचलून, मुठीत थोडं थोडं सुटू देत तो ताण आधी उतरवला आणि मगच पुढे हात लावला.

मागचं झाकण उघडून घंटा काढली. समोरच्या कड्यापासून मागच्या कड्यापर्यंत जाणाऱ्या दोन पितळी पट्ट्या दिसल्या. मागून येणारे दोन स्क्रू याच पट्ट्यांमध्ये बसतात. उरलेला एक स्क्रू सोडवल्यावर तबकडीसकट मशीन पुढून बाहेर आलं.

मागच्या प्लेटवर तीन खुणा होत्या. गोल शिक्क्यात ‘एस. मार्ती, मेदाय द ब्राँझ’, म्हणजे कांस्यपदक. त्याखाली पाच अंकी क्रमांक. आणि प्लेटच्या तळाशी, थोडं अंतर सोडून ठोकलेले दोन आकडे, ४ आणि ८.

शिक्क्यातलं पदक काळाची फक्त खालची हद्द सांगतं. कारखाने एकदा मिळालेलं पदक पुढे बरीच वर्षं मिरवत. मार्तीच्याच १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनातल्या सुवर्णपदकाचा शिक्का असेल, तर मशीन त्यानंतरचं, एवढंच नक्की म्हणता येतं. वरची हद्द रचनेवरून काढावी लागते. इथे टोले मोजणारं खाचांचं चाक मागच्या प्लेटच्या बाहेर होतं. त्याच्या जागी आलेले, दातेरी पट्टीने मोजले जाणारे रॅक पद्धतीचे टोले फ्रेंच मशीनमध्ये ढोबळमानाने १८८० नंतर रुळले, म्हणजे हे मशीन त्याच्या आसपासचं किंवा आधीचं. सस्पेन्शन ब्रोको पद्धतीचं, पोलादी पात्यांचं होतं, म्हणजे रेशमी दोऱ्याचा जुना काळ मागे पडला होता. एकूण अंदाज १८६० ते १८९० असा निघाला. यापेक्षा नेमकं वर्ष कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर आधी पुरावा मागावा.

पाच अंकी क्रमांकावरून भाग मागवता येत नाही, कारण त्याची कुठलीही यादी विक्रेत्यांकडे नसते. तरी त्याचा उपयोग आहे. मूळ लंबकाच्या गोळ्यामागे बहुतेक वेळा हाच क्रमांक ठोकलेला असतो. म्हणून घरच्यांना जुनी कपाटं आणि शिवणाचे डबे पुन्हा पाहायला सांगितलं. लंबक सापडला नाही, पण ही झडती प्रत्येक वेळी घ्यावी.

४ आणि ८ : या घड्याळाची किल्ली

हे दोन आकडे लंबकाच्या लांबीचे आहेत आणि ते जुन्या फ्रेंच मापात आहेत : ४ पूस ८ लिन्ये. एक पूस २७.०७ मिमी आणि एक लिन्ये २.२५६ मिमी, १२ लिन्यांचा एक पूस. मेट्रिक पद्धत येऊन कितीतरी दशकं लोटली तरी फ्रेंच घड्याळाचे कारागीर लंबक याच मापात मोजत राहिले. हिशेब असा : ४ पूस म्हणजे ४८ लिन्ये, त्यात ८ मिळवून ५६. गुणिले २.२५६, म्हणजे १२६.३ मिमी.

फक्त खुणेवर विसंबायचं नाही. मधल्या शंभर-दीडशे वर्षांत कुणी एस्केप व्हील, म्हणजे लंबकाच्या झोक्यासरशी दात सोडत जाणारं चाक, बदललं असेल, तर खूण खोटी ठरते. म्हणून दात मोजले. मार्करने एका दातावर टिंब करून प्रत्येक चाक दोनदा मोजलं. मधलं चाक ८४ दातांचं आणि ते ७ पानांच्या पिनियनला फिरवणारं (पिनियन म्हणजे लहान दातेरी चाक, त्याचे दात ती पानं). तिसरं चाक ७० दातांचं, पुढची पिनियनही ७ पानांची. एस्केप व्हील ४२ दातांचं.

मधलं चाक तासाला एक फेरी घेतं. ८४ भागिले ७ म्हणजे १२. ७० भागिले ७ म्हणजे १०. तेव्हा एस्केप व्हील तासाला १२० फेऱ्या घेतं. प्रत्येक दातामागे दोन टिकटिक, म्हणून १२० × ४२ × २ = १०,०८० टिकटिक तासाला, मिनिटाला १६८.

यावरून लंबकाची सैद्धांतिक लांबी काढता येते. पॅरिसमध्ये सेकंदाला एक टिकटिक देणारा लंबक ९९३.९ मिमीचा असतो. आपल्या घड्याळाची एक टिकटिक ३६०० भागिले १०,०८० म्हणजे ०.३५७१ सेकंदाची. या आकड्याचा वर्ग करून ९९३.९ ने गुणलं की १२६.८ मिमी येतात. खूण १२६.३ सांगते, दात १२६.८. अर्ध्या मिलिमीटरचा फरक हा पाव लिन्याच्या आतला आहे, म्हणजे खूण खरी आणि चाकं मूळचीच.

ऑनलाइन आलेल्या लंबकाचं काय, ते इथेच कळलं. सस्पेन्शन धरून त्याची परिणामकारक लांबी १०५ मिमीच्या आसपास भरत होती. लांबीच्या वर्गमुळाच्या हिशेबाने घड्याळ तासाला जवळजवळ सहा मिनिटं पुढे गेलं असतं. खालचं नट पूर्ण उतरवून फार तर ८ मिमी मिळतात, इथे वीसहून जास्त हवे होते. विक्रेत्याच्या फोटोत लंबक बरोबर दिसतो तो यामुळेच : चार पूस आणि साडेचार पूस यांतला फरक फोटोत कळत नाही.

पुण्यात पॅरिसचा लंबक

१६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. पॅरिसमध्ये बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं, कारण विषुववृत्ताकडे गुरुत्वाकर्षण किंचित कमी आहे. पुण्यालाही तेच लागू पडतं. इथे पॅरिसच्या मानाने गुरुत्व साधारण पाव टक्क्याने कमी, म्हणजे पॅरिसला जुळवलेला लंबक इथे रोज पावणेदोन मिनिटांच्या आसपास मागे पडणार. या घड्याळापुरती दुरुस्ती जेमतेम ०.३ मिमीची आहे आणि नटाच्या पाऊण फेऱ्याने ती होते. पण भारतात आलेली चांगली फ्रेंच घड्याळं ‘थोडी मंद’ म्हणून उगाच उघडली जातात. त्यातल्या काहींना नुसता नट वर घ्यायला हवा असतो.

सस्पेन्शन

ब्रोको सस्पेन्शनमध्ये दोन पितळी ठोकळ्यांच्या मध्ये पोलादाच्या दोन पातळ पात्या असतात. वरचा ठोकळा अडकवलेला राहतो आणि पात्यांना दोन्ही बाजूंनी धरणारी पितळी चिमट वरखाली सरकते. तबकडीवर १२ च्या वर जो बारीक चौकोन दिसतो, तो फिरवला की ही चिमट सरकते आणि पात्यांची मोकळी लांबी बदलते. घड्याळ फ्रान्समध्ये विकण्यासाठी असेल तर बाजूला ए आणि आर ही अक्षरं असतात, आव्हाँस आणि रतार, म्हणजे पुढे आणि मागे. इंग्लंडला गेलेल्या घड्याळांवर एफ आणि एस दिसतात.

वरचा ठोकळा आणि पात्यांचे तुकडे चिमटीत शिल्लक होते. खालचा ठोकळा लंबकासोबतच गेला होता. शिल्लक भागावरून वरच्या ठोकळ्याची रुंदी, जाडी, आडव्या पिनची जाडी आणि पात्यांची रुंदी मिळाली. लांबी मात्र मशीनवरूनच काढावी लागते. जाड कागदाची पट्टी वरच्या पिनच्या जागी टाचून खाली सोडली. लंबकाचा आकडा (हुक) जिथे अडकेल आणि दांडी क्रचच्या, म्हणजे लंबकाला ढकलणाऱ्या दांड्याच्या, फाट्यात सरळ बसेल ती जागा टिंबाने नोंदली, मग पिन ते पिन अंतर मोजलं. मागवताना द्यायचं माप हेच. ठोकळ्यांची एकूण लांबी सांगितली तर विक्रेता दुसरंच काही पाठवतो.

एकीच्या जागी तीन पट्ट्या मागवाव्यात. या पात्या कागदाहूनही पातळ असतात आणि बसवताना एक तरी मुडपतेच. मुडपलेली पाती सरळ करून वापरू नये. एक पाती दुसरीपेक्षा किंचित लांब राहिली की लंबक पुढेमागे झुलण्याऐवजी पिळतो, आणि त्या पिळाने एस्केपमेंट, म्हणजे टिकटिक देणारी यंत्रणा, दोन-चार दिवसांत बंद पडतं. दुसरा दोष चिमटीत असतो. पात्या तिच्यात घट्ट सरकायला हव्यात. चिमट सैल असेल तर घड्याळ एक दिवस पुढे, एक दिवस मागे जातं, आणि लोक लंबकाला दोष देत बसतात.

लंबक शोधताना

आता काय शोधायचं ते पक्कं होतं : ब्रोको प्रकारचा आकडा असलेला, सस्पेन्शन धरून १२६ मिमीच्या आसपास परिणामकारक लांबी देणारा, खाली नटाला किमान ८ ते १० मिमी आटे असलेला. जड गोळा आणि हलकी दांडी असेल, तर गोळ्याचं केंद्र त्या लांबीपासून दोन-चार मिलिमीटर वर किंवा खाली येतं, म्हणूनच आटे महत्त्वाचे. एक मिलिमीटर लांबी इथे रोजच्या साधारण साडेपाच मिनिटांबरोबर असते.

फ्रेंच जुन्या बाजारात, पॅरिसला लागून असलेल्या सँ-उआँच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात किंवा फ्रेंच संकेतस्थळांवर शोधायचं तर ‘बालांसिए’ म्हणजे लंबक, ‘सुस्पाँसिओ ब्रोको’, ‘एग्वी’ म्हणजे काटे, आणि ‘मूव्हमाँ द पारी’ म्हणजे गोल मशीन, हे शब्द टाकावेत. इंग्रजी शब्दांनी फ्रान्समधला अर्धा माल दिसतच नाही. विक्रेत्याला आकड्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर पट्टीसकट फोटोत मागावं. मुंबईतल्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर जुने लंबक मिळतात, पण तिथे इंग्लिश आणि जर्मन माल जास्त. फ्रेंच आकड्याचा आकार ओळखता येत असेल तर जावं.

घड्याळच फ्रान्सला पाठवावं, असा विचार घरच्यांनी केला होता. तो सोडावा लागतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्याचं बंधन आहे. बाहेर पाठवायची ती मापं आणि फोटो.

आकड्याची आणि लांबीची खात्री झालेला एक लंबक फ्रान्समधून आला. त्यामागे वेगळाच क्रमांक ठोकलेला आहे. तो पुसलेला नाही. पुढे कुणी हे घड्याळ उघडलं तर लंबक बदललेला आहे हे त्याला कळायला हवं.

स्प्रिंग : जिथे घाई महागात पडते

तुटलेल्या स्प्रिंगचा झटका बॅरलच्या, म्हणजे स्प्रिंगच्या डब्याच्या, दातांवर आणि पुढच्या पिनियनवर येतो, म्हणून नवी स्प्रिंग टाकण्याआधी ते तपासायचं. इथे बॅरलचा एक दात वाकला होता. वाकणं किरकोळ असल्याने तो एकदाच, हळू, सरळ केला. दोनदा वाकवलेलं पितळ तुटतं, तेव्हा मग नवा दात खाच कापून बसवावा लागतो. पिनियनची पानं भिंगाखाली शाबूत होती.

फ्रेंच गोल मशीनमध्ये चालीचं आणि टोल्याचं बॅरल सहसा सारखंच असतं. म्हणजे नमुना घरातच होता. टोल्याची स्प्रिंग काढून मोजली : रुंदी १८ मिमी, जाडी ०.४० मिमी. बॅरलचा आतला व्यास ४० मिमी, आर्बरचा (मधल्या अक्षाचा) १३. योग्य स्प्रिंग बॅरलमधली मोकळी जागा निम्मी व्यापते, त्यावरून लांबी काढली. २० चा वर्ग ४००, ६.५ चा वर्ग ४२.२५, फरक ३५७.७५. त्याला ३.१४१६ ने गुणून निम्मं केलं तर ५६२ येतात, भागिले ०.४० म्हणजे १,४०५ मिमी. १८ × ०.४० × १४०० हे माप मागवलं, दोन्ही टोकांना भोक असलेलं.

दुकानात ०.४५ जाडीची तयार होती आणि ‘चालून जाईल’ असं सांगितलं गेलं. ती घेतली नाही. स्प्रिंगचा जोर जाडीच्या घनाच्या हिशेबाने वाढतो. ०.४० ऐवजी ०.४५ म्हणजे जोर ४२ टक्क्यांनी जास्त. घड्याळ जोमात चालतं, मालक खूष होतो, आणि काही वर्षांत पिव्हटची, म्हणजे चाकांच्या अक्षांची टोकं ज्यात फिरतात ती, भोकं अंडाकृती होतात. लांब स्प्रिंगने जास्त दिवस चालेल हाही गैरसमज आहे. बॅरल निम्म्याहून जास्त भरलं की मिळणाऱ्या फेऱ्या उलट कमी होतात. या मापात सुमारे आठ फेरे मिळतात. बॅरलच्या ८४ दातांपुढे १२ पानं, त्यापुढे ७२ दातांचं चाक आणि मधल्या चाकाची १२ पानं, म्हणजे एक फेरी ४२ तासांची. आठ फेऱ्यांत घड्याळ चौदा दिवस चालतं.

स्प्रिंग बॅरलमध्ये भरायला वाइंडरच वापरावा. हाताने कोंबलेली स्प्रिंग शंकूसारखी पसरते, झाकणाला घासते आणि जोर असमान देते.

काटा, चावी, स्क्रू

तासकाटा उरला होता : निळ्या पोलादाचा, टोकाजवळ पोकळ चंद्र असलेला ब्रेगे घाटाचा. मिनिटकाट्याची लांबी तबकडीवरून ठरते, त्याचं टोक मिनिटांच्या रेषांवर पडलं पाहिजे. इथे ती केंद्रापासून ४९ मिमी निघाली. काट्याचं भोक चौकोनी असतं आणि ते आर्बरपेक्षा किंचित लहान घेऊन कानशीने वाढवायचं. मोठं भोक कमी करता येत नाही. निळा रंग लावलेले काटे शेजारच्या मूळ काट्याजवळ उठून दिसतात. साधा पोलादी काटा घेऊन, चकचकीत करून, पितळेच्या किसावर ठेवून सुमारे २९५ अंशांना तापवला की खरा निळा येतो. तपकिरी, जांभळा, मग निळा : जांभळ्यानंतर डोळा हलवायचा नाही.

काट्याचं भोक ज्या पितळी बुशमध्ये असतं ती बुश घट्ट पण फिरणारी असते. टोला सुरू होतो तेव्हा काटा १२ वर नसेल तर बुश फिरवायची, काटा वाकवायचा नाही.

चावीचा क्रमांक देशागणिक आणि कॅटलॉगगणिक बदलतो, त्यामुळे माप मिलिमीटरमध्ये घ्यावं, चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजूंत. इथे ४.५ मिमी. दुसऱ्या टोकाला १२ वरच्या बारीक चौकोनासाठी छोटं भोक असलेली दुतोंडी चावी मागवली.

हरवलेल्या लांब स्क्रूसाठी बाजारात काही मिळत नाही. या घड्याळांचे आटे आजच्या मेट्रिक आट्यांशी जुळत नाहीत, आणि एम-३ किंवा एम-४ जबरदस्तीने फिरवला तर पितळी पट्टीतला मूळ आटा कायमचा जातो. उरलेला स्क्रू नमुना म्हणून लेथवर दिला आणि तसाच दुसरा कातून घेतला.

जुळणी आणि नंतर

सगळं बसल्यावर टोले मोजणारं खाचांचं चाक जुळवायचं राहतं. या पद्धतीत टोल्यांचा काट्यांशी संबंध नसतो. चाक आपल्या क्रमाने मोजत जातं, बारा तासांत ९० टोले : तासांचे ७८ आणि अर्ध्या तासांचे १२. काटे फिरवताना टोले पूर्ण होऊ दिले नाहीत की क्रम चुकतो. दुरुस्त करायला मागचा अडसर बोटाने उचलून पुढचे टोले पाडत जायचं. साडेबारा, एक आणि दीड या तीन वेळांना लागोपाठ एकेकच टोला पडतो. ते तीन एकटे टोले जिथे आले तिथून क्रम नक्की सापडतो.

बीट, म्हणजे टिक आणि टॉकमधलं अंतर, जुळवण्यासाठी क्रच वाकवण्याआधी मागचे दोन स्क्रू अर्धे सैल करून अख्खं मशीन पेटीत किंचित फिरवून पाहायचं. गोल मशीनचा हा मोठा फायदा. टिक आणि टॉक समान अंतराने पडले की स्क्रू आवळायचे. तबकडी डोळ्याला तिरपी दिसण्याइतकं फिरवावं लागत असेल, तरच क्रच हलवायचा.

नटाआधी १२ वरचा चौकोन फिरवून चिमट मधोमध आणली, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना जागा राहते. फोनवरच्या टायमिंग ॲपने पहिल्या दिवशी ताशी १०,०४५ टिकटिक दाखवल्या, ३५ कमी, म्हणजे रोज पाच मिनिटं मागे. नट ०.९ मिमी वर घेतला. त्यानंतर घड्याळ मशीनस्टँडवर चौदा दिवस, स्प्रिंग पूर्ण उतरेपर्यंत चालू दिलं. पहिल्या आठवड्यात ते रोज काही सेकंद पुढे, दुसऱ्या आठवड्यात स्प्रिंग ढिली पडत गेल्यावर तेवढंच मागे. इतका फरक या रचनेत स्वाभाविक आहे. घरच्यांना दर रविवारी चावी द्यायला सांगितलं, म्हणजे स्प्रिंगचा वरचा निम्माच भाग वापरात राहतो. घड्याळ जागेवरून हलवायचं झालं तर आधी लंबक काढायचा. या घरातली पट्टी बहुधा तशीच तुटली होती.